कातळाचे काम

बकरी विकत घ्यायला आलेला माणूस आधी तिचे तोंड उघडतो. डाव्या हाताने जबडा धरायचा, उजव्या अंगठ्याने खालचा ओठ ओढायचा, पुढचे दात मोजायचे आणि काही न बोलता ओठ सोडून द्यायचा. भाव त्याच क्षणी त्याच्या मनात ठरलेला असतो. पुढे अर्धा तास चालते ती घासाघीस केवळ रीतीची. मालवणपासून फार दूर नसलेल्या आमच्या गावी, चतुर्थीनंतरच्या एका सकाळी, काकीच्या खळ्यात मी हा प्रकार पाहत उभा होतो. त्या दिवशी मात्र दात मोजून झाल्यावर व्यापाऱ्याने बकरीला चार पावले चालायला लावले. ती तीन पायांवर चालली. चौथा, पुढचा उजवा, तिने नुसता टेकवल्यासारखा केला. व्यापारी हसला. त्याने सांगितलेला भाव शिमग्याच्या वेळी त्यानेच सांगितलेल्या भावाच्या निम्माही नव्हता.

"पंधरा दिस झाले, लंगडता. काटोबिटो लागलो असतलो," काकी म्हणाली.

काटा नव्हता. पाय उचलून पाहिला तेव्हा खुराची टोके चपलेच्या टोकासारखी पुढे वाढून वर वळलेली दिसली. बाजूची कड आत दुमडून तळव्याखाली गेली होती आणि त्या दुमडीत चिखल व लेंड्या कुजून काळ्या झाल्या होत्या. वास असा की मान फिरवावी. बाकीचे तीन पाय पाहिले, मग गोठ्यातल्या दुसऱ्या दोन बकऱ्यांचे पाहिले. कमीअधिक तीच गत.

सौदा त्या दिवशी मोडला हे बरेच झाले. दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बकरीला भिंतीला टेकवून उभे केले, एकेक पाय गुडघ्यात मागे दुमडला आणि कात्रीने वाढलेली कड उतरवायला सुरुवात केली. पाऊण तासात तिन्ही बकऱ्यांची बारा खुरे झाली. हात धुता धुता त्यांनी विचारले, "याआधी खुरे कधी कापली होती?" काकी त्यांच्याकडे पाहतच राहिली. "आमच्या वेळेक कोण बकऱ्यांची नखां कापी होतो? कातळार फिरान फिरान आपसूक झिजत होती."

डॉक्टर गेले, पण काकीचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण तिचे म्हणणे खरेच होते. बकरीचे खूर कोणी कापत नसे, ते काम कातळ करीत असे. प्रश्न एवढाच की आता कातळ कुठे आहे?

सड्यावरची कानस

खूर म्हणजे नख. आपल्या नखासारखेच ते कठीण पदार्थाचे बनलेले असते, मरेपर्यंत वाढत राहते आणि कापताना दुखत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या जनावरांच्या पायाला अशी दोन नखे असतात, आणि सारे शरीर त्या दोन नखांच्या कडांवर व तळव्यावर तोललेले असते. निसर्गाचा हिशेब साधा आहे. जेवढे वाढेल तेवढे झिजले पाहिजे. वाढ जास्त आणि झीज कमी झाली की तोल टाचेवर जातो, सांधे वाकडे होतात, जनावर चालायचे टाळते. चालले नाही की आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

मालवण किनाऱ्याची जमीन ज्याने पाहिली आहे त्याला हा हिशेब इथे कसा जुळत असे हे सांगायला नको. खाली खाडी आणि माड, मध्ये भाताचे कोपरे, वर जांभ्याचा सडा. त्या सड्यावरचा काळा पडलेला खरबरीत कातळ म्हणजे कोसभर लांबीची कानसच. सकाळी सोडलेली बकरी करवंदीच्या जाळ्या ओरबाडत, गडगे चढत-उतरत दिवसभर हिंडायची आणि संध्याकाळी खुरे घासून घरी यायची. आपल्या जिल्ह्याची म्हणून जी जात ओळखली जाते ती 'कोकण कन्याळ', काळ्या अंगावर पांढऱ्या खुणांची, लांब आणि मजबूत पायांची. अशा पायांची बकरी याच भूमीत घडावी, हे सड्यावरून चालून पाहिलेल्या माणसाला सहज पटेल. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने या जातीवर काम केले असून कुडाळ तालुक्यातल्या निळेली येथे विद्यापीठाचे पशुपैदास प्रक्षेत्र आहे.

पण गेल्या तीन-साडेतीन दशकांत या हिशेबातली एक बाजू पुसली गेली. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि उघड्या वरकस जमिनींवर काजू-आंब्याची कलमे उभी राहिली. ते चांगलेच झाले. त्या कलमांनी कित्येक घरांना मुंबईच्या मनिऑर्डरीशिवाय उभे केले. पण कलम आले की कुंपण आले, आणि बकरी ही कलमाची पहिली वैरीण ठरली. पुढे १९९७ साली जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, किनाऱ्यालगतच्या जमिनींना भाव आला, सड्याचे तुकडे पडले. कुठे चिऱ्यांच्या खाणी निघाल्या. बकऱ्यांमागे हिंडणारा मुलगा शाळेत गेला, आणि त्याने शाळेतच असायला हवे. या प्रत्येक बदलाच्या मागे सबळ कारण आहे. सगळ्यांचा मिळून परिणाम मात्र एकच झाला. बकरी दाव्याला आली. तिचा चारा आता तिच्या पुढ्यात येऊन पडतो आणि तिच्या पायाखाली असते ती मऊ, ओली, लेंड्यांची जमीन.

त्यात आपला पाऊस. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. बकरी ही मुळात कोरड्या मुलखाची प्रजा, पाण्यात पाय घालायला नाखूश. ओलाव्याने खूर मऊ होते, दोन खुरांमधली कातडी भिजून सोलवटते आणि चिखलातले जंतू आत शिरतात. त्यालाच खूर कुजणे म्हणतात. काकीच्या बकरीला तेच झाले होते. श्रावणात सुरू झालेले दुखणे भाद्रपदात लंगडण्यातून दिसले.

अँडीजमधली चुलत बहीण

हे केवळ आपल्याच वाट्याला आलेले नाही. दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतात, अल्पाका नावाचा लोकरीचा प्राणी आहे. नात्याने तो उंटाचा भाऊबंद. उंचीने मात्र आपल्या छातीपर्यंतचा. हजारो वर्षे माणसाने त्याला समुद्रसपाटीपासून साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरच्या खडकाळ माळांवर पाळले. त्याच्या पायाला खूर नसते, दोन बोटे असतात, प्रत्येक बोटाला एक नख आणि खाली कातड्याची मऊ गादी. तिथल्या खडकांवर ती नखे झिजत राहतात आणि तिथले राठ, वाळूमिश्रित गवत ओरबाडताना पुढचे दातही झिजतात.

विसाव्या शतकाच्या शेवटी हौसेने आणि लोकरीसाठी हा प्राणी ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, इंग्लंडात नेला गेला. तिथे त्याला लुसलुशीत कुरणे मिळाली. आणि मग नव्या मालकांच्या लक्षात आले की नखे वाकडी होऊन बोटे फिरू लागली आहेत, खालचे दात वरच्या हिरडीच्या पुढे येऊन ओठाबाहेर डोकावत आहेत. आज त्या देशांत अल्पाका पाळणारा माणूस दर दोन-तीन महिन्यांनी नखे पाहतो, लागतील तशी कापतो. दात फार पुढे आले असतील तर जाणत्या माणसाकडून कमी करून घेतो. वयात आलेल्या नरांना झुंजीसाठी सुळ्यांसारखे सहा धारदार दात फुटतात, तेही बोथट करून घेतो. पर्वत मागे राहिला, त्याचे काम माणसाच्या अंगावर आले.

अँडीजच्या खडकाच्या जागी आपला जांभा ठेवा आणि इंग्लंडच्या कुरणाच्या जागी काकीचा गोठा. गोष्ट तीच आहे. फरक इतकाच की तिथल्या मालकाला आपण काय हिरावून घेतले हे ठाऊक आहे, आणि आपल्याला अजून कोणी सांगितलेले नाही.

घोड्याला नालबंद, बकरीला कोण?

जनावराच्या पायाची विद्या आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. घोड्यांचे वैद्यक सांगणारी शालिहोत्राची परंपरा जुनी आहे. नालबंद हे तर महाराष्ट्रात आडनावच होऊन बसले. माथेरानच्या घोड्यांना आजही नाल लागते. वेंगुर्ले बंदरातला माल बैलगाड्यांनी आंबोलीचा घाट चढून बेळगावकडे जात असे, तेव्हा त्या वाटेवरच्या बैलांना पत्र्या मारल्याशिवाय गत्यंतर नव्हते. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या पायांना त्या अजूनही मारतात. जे जनावर ओझे वाहते, ज्याच्या पायावर मालकाचा पैसा चालतो, त्याच्या पायाकडे बघणारा माणूस समाजाने निर्माण केला.

बकरीसाठी तसा कोणी निर्माण झाला नाही. गरज नव्हती हे एक कारण. दुसरे कारण असे की ती गरिबाची गाय, आणि त्यातही घरातल्या बाईची. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात जवळजवळ १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या असंख्य शेळ्या कोणा मोठ्या कळपात नाहीत, अशाच दोन-तीनच्या संख्येने परसात बांधलेल्या आहेत. मुलाची फी, अचानक आलेला दवाखाना, माहेरचे लग्न यांसाठी बाईच्या हातात असलेला हा पैसा. आपल्या म्हणींतही बकरीचा कैवार कुठे नाही. ती जिवानिशी जाते आणि खाणारा वातड म्हणतो. ती लंगडी झाली की ती पडेल भावात जाते, आणि तोटा सोसणाऱ्या बाईला तोटा कशामुळे झाला हेही कळत नाही. व्यापाऱ्याला मात्र ते पहिल्या चार पावलांत कळलेले असते.

कात्री, काठी आणि मोरचूद

डॉक्टरांनी काकीला शिकवलेली रीत इथे सांगतो, कारण ती कोणालाही जमण्याजोगी आहे. बांधून ठेवलेल्या बकरीची खुरे दर दीड-दोन महिन्यांनी पाहावीत. हत्यार म्हणून खूर कापायची कात्री मिळते. न मिळाल्यास कलमांच्या फांद्या छाटायचे सिकेटर स्वच्छ धुऊन, निर्जंतुक करून चालते. ते इथल्या बहुतेक घरांत असतेच. बकरीला आडवी पाडू नये, भिंतीशी उभी धरावी. गाभण बकरीला शेवटच्या महिन्यात या झटापटीत घालू नये.

पाय मागे दुमडून आधी टोकदार काठीने चिखल काढावा. मग तळव्याखाली दुमडलेली कड कापावी, पुढे आलेले टोक उतरवावे, दोन्ही खुरे सारख्या उंचीची करावीत. किती कापायचे? नुकत्या जन्मलेल्या करडाचे खूर पाहावे, बाजूने चौकोनी आणि खाली सपाट. तोच नमुना. थोडे थोडे कापत जावे आणि तळवा गुलाबी दिसू लागला की थांबावे. त्याखाली रक्त असते. फार वाढलेले खूर एका बैठकीत सरळ करायचा हट्ट धरू नये, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा-तीनदा करावे.

कुजलेल्या खुरासाठी मोरचुदाचे पाणी. पोफळीच्या बागांवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या आपल्या लोकांना मोरचुदाची ओळख करून द्यायला नको. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो, प्लास्टिकच्या टबात. लोखंडी घमेल्यात नको, मोरचूद लोखंड खातो. पाय आधी धुऊन मग त्यात काही मिनिटे उभे करावे आणि नंतर कोरड्या जागी बांधावे. हे पाणी विषारी आहे. बकरीने ते पिता कामा नये आणि उरलेले विहिरीजवळ किंवा व्हाळात ओतता कामा नये. पण खरे औषध म्हणजे कोरडी जागा. बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांचा जमिनीपासून उंच माचा केला तर पावसाळ्यातले निम्मे दुखणे टळते. आवारात चार-सहा ओबडधोबड चिरे रचून ठेवले तर बकऱ्या सवयीने त्यांवर चढतात. तेवढीच झीज.

एक इशारा मात्र महत्त्वाचा. एकाच वेळी अनेक जनावरे लंगडू लागली, ताप आला, तोंडातून लाळ गळू लागली, जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड दिसले, तर कात्री बाजूला ठेवावी. ती लाळ-खुरकत. हा विषाणूचा रोग आहे. तो गाई-म्हशींना, डुकरांना, बकऱ्यांना होतो आणि वाऱ्यासारखा पसरतो. बकऱ्यांमध्ये तो पुष्कळदा इतका सौम्य असतो की नुसते लंगडणे दिसते आणि रोग मात्र शेजारच्या गोठ्यातल्या गाईकडे पोहोचतो. त्यावर लस हाच उपाय. २०१९ साली केंद्र सरकारने या रोगासाठी देशव्यापी लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. शंका आल्यास जनावरे वेगळी बांधून पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

दात मोजावेत, पण कशासाठी?

आता पुन्हा त्या व्यापाऱ्याच्या अंगठ्याकडे येऊ. बकरीच्या तोंडात एकूण ३२ दात. पुढचे कापायचे आठ दात फक्त खालच्या जबड्यात. वर त्यांच्यासमोर दात नाहीत, कठीण हिरडीची गादी आहे. बाकीचे चोवीस मागे, दळायचे. दुधाचे बारीक दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात. पहिली जोडी एक ते दीड वर्षाच्या सुमारास, म्हणजे बकरी दोन दाती. दोन वर्षांच्या सुमारास चार दाती, तीनच्या आत-बाहेर सहा दाती, आणि साडेतीन-चार वर्षांत आठही दात जुळतात. त्यानंतर दात झिजत, फाकत, सैल होत जातात आणि शेवटी बकरी बोळकी होते.

हे सारे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण ते विकण्या-घेण्यापुरते. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. आपण स्वतःच्या गाईचेही मोजत नाही. ते मोजावेत ते भावासाठी नव्हे, तर काय खायला घालायचे हे ठरवण्यासाठी. पुढ्यात चारा पडलेला असून बकरी वाळत चालली असेल, तर जंताचे औषध पाजण्याबरोबर तोंडही पाहावे. पुढचे दात तुटले असतील तर तिला चरायला सोडून उपयोग नाही. चारा बारीक कापून, भरडा भिजवून, पेज-आंबोण घालून ती आणखी दोन-चार वेते देऊ शकते. चघळलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून गळत असतील, गालात लगदा साठत असेल, तोंडाला दुर्गंधी येत असेल, तर दोष मागच्या दाढांत आहे. तिथे बोट घालू नये. त्या दाढा बोट तोडतात. बाहेरून गालावर हात फिरवून टोचते का ते पाहावे आणि दाढा घासायचे काम डॉक्टरांवर सोडावे.

आणखी एक गल्लत होते. जबड्याखाली मऊ, पाण्याने भरल्यासारखी सूज आली की दाताचे दुखणे समजतात. ती बहुतेक वेळा पोटातल्या जंतांची किंवा यकृतातल्या पर्णकृमीची खूण असते. ओल्या कोपऱ्यांतल्या गोगलगाईंमार्फत हे कृमी चाऱ्यावर येतात. डोळ्याची खालची पापणी उलटून पाहावी. ती पांढुरकी असेल तर रक्त कमी झाले आहे. अशा वेळी दातावर लेप घालत बसलो तर बकरी हातची जाते.

यांतले काहीही खर्चाचे नाही. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पण दीड महिन्याने एकदा पाय उचलून पाहायला डॉक्टर येणार नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षाही चूक आहे. ते काम घरचेच. बचत गटांच्या बैठकीत ही कात्री एकदा हातोहात फिरली, दोन-चार बायकांनी खूर कापून दाखवले, तर एका पावसाळ्यात गावाची सवय बदलेल. मुंबईत बसून अशा गोष्टींवर लिहिणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, हे मला कळते. म्हणून शेवट काकीकडेच नेतो.

गेल्या शिमग्याला गावी गेलो तेव्हा तीच बकरी खळ्यात चारही पायांवर उभी होती, पायाशी दोन करडे. व्यापारी येऊन गेला होता. त्याने दात मोजले, चालवून पाहिले आणि पूर्ण भाव सांगितला. काकीने बकरी दिली नाही. गडग्यावर सिकेटर आणि टोकदार केलेली बांबूची काठी ठेवलेली होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "सड्यार आता कोण सोडता बकऱ्यांक, झिला? कातळाचा काम माकाच करूक होया." आणि तिने करडाचा इवलासा पाय उचलून, त्याला आतापासून सवय व्हावी म्हणून, उगाच एकदा पुसला.